केसपेपर कोणाचा?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे वाढवून लिहून काढले आहे.)



आजचा माझा विषय ऐकायला रूक्ष आहे. रुग्णांच्या नोंदी कागदावरून संगणकावर याव्यात आणि त्या रुग्णाला स्वतःलाही पाहता याव्यात, म्हणून सरकारांनी डॉक्टरांना आणि इस्पितळांना पैसे दिले. त्या पैशांचे काय झाले, हा तो विषय. मी इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस आहे. डॉक्टर नाही, आणि संगणकाचा तज्ज्ञ तर मुळीच नाही. मग या विषयात मी का शिरलो, ते आधी सांगणे भाग आहे.

२२ जुलै २०२१ हा दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. आम्ही तेव्हा तेथेच राहत होतो. माझ्या अब्बांना बरीच वर्षे मधुमेह आहे. त्यांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डे असे सारे कागद एका पत्र्याच्या पेटीत असत. पाणी चढू लागले तेव्हा आम्ही माळ्यावर काय काय नेले? तांदूळ, अम्मीची शिलाई मशीन, माझी प्रमाणपत्रे. पेटी खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तेव्हा आत चिखलाचा लगदा होता.

घर साफ करताना अब्बांच्या पायाला पत्रा लागला. मधुमेहाचा माणूस; जखम चिघळली आणि त्यांना इस्पितळात दाखल करावे लागले. तेथील डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले, "यांना कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" अब्बा म्हणाले, "एकदा एका गोळीने अंगावर गांधी उठल्या होत्या. पांढरी गोळी होती." आता पांढऱ्या गोळ्या काय थोड्या असतात! त्या औषधाचे नाव जुन्या डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने लिहिलेले होते, एवढे मला आठवत होते. नाव आठवत नव्हते. कारण ते मी कधी वाचलेच नव्हते.

आणि दिलेल्या औषधांत नेमके तेच निघाले. रात्री अब्बांचे ओठ सुजले, श्वास अडकू लागला. डॉक्टर आणि परिचारिका धावून आल्या म्हणून ते वाचले. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी विचारले होते. उत्तर आमच्यापाशी नव्हते. मी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासतो. मुलाने वेलांटी चुकवली तरी माझ्या लाल पेनाला ती दिसते. घरातल्या लाल शाईची एक ओळ मात्र मला सात वर्षांत दिसली नाही.

पुढे मी ते कार्ड देणाऱ्या जुन्या इस्पितळात गेलो. तेथे त्या काळातले केसपेपर शिल्लक नव्हते. दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्यात असा नियम आहे, आणि आमच्या गोष्टीला सात वर्षे होऊन गेली होती. म्हणजे एक प्रत पुरात गेली आणि दुसरी नियमाने गेली. तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचू लागलो. वाचता वाचता अमेरिकेतल्या एका पुरापाशी येऊन थांबलो.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. बंधारे फुटून न्यू ऑर्लिन्स शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. दवाखान्यादवाखान्यांतून ठेवलेले कागदी केसपेपर नष्ट झाले. कर्करोगाचे, हृदयाचे रुग्ण दुसऱ्या गावी आसऱ्याला गेले, ते औषधांची नावे आठवत आठवत. पण निवृत्त सैनिकांसाठी तेथे जी सरकारी इस्पितळे आहेत, त्यांच्या नोंदी संगणकावर होत्या. त्या सैनिकांना दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांनी तपासले, तेव्हा जुन्या नोंदी त्यांना पडद्यावर पाहता आल्या.

मग बाकीच्या इस्पितळांनी ही सोय आधीच का केली नव्हती? अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही २००८ साली जेमतेम ९ टक्के इस्पितळांत प्राथमिक स्वरूपाची संगणकीय नोंदव्यवस्था होती. कारण साधे आहे. बांध एकाने घालायचा आणि पाणी सगळ्यांच्या शेतांना मिळायचे, असा हा व्यवहार होता. यंत्राचा, शिकण्याचा, सुरुवातीच्या गोंधळाचा खर्च डॉक्टरने करायचा. फायदा मात्र रुग्णाला, विमा देणाऱ्याला आणि पुढच्या डॉक्टरला. असा बांध आपण होऊन कोण घालणार? तेथे सरकारला पुढे यावे लागते.

१७ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आर्थिक मंदीतून देशाला सावरण्यासाठीच्या एका मोठ्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यात 'हायटेक' या नावाचा एक भाग होता. त्याचा आशय असा, की जो डॉक्टर संगणकीय नोंदी ठेवील त्याला सरकार पैसे देईल. वृद्धांसाठीच्या 'मेडिकेअर' योजनेतून एका डॉक्टरला पाच वर्षांत जास्तीत जास्त ४४,००० डॉलर मिळणार होते. त्या वेळच्या भावाने ते वीस लाख रुपयांच्या आसपास होतात. गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेतून सहा वर्षांत ६३,७५० डॉलरपर्यंत मिळणार होते. इस्पितळांना याहून कितीतरी अधिक. आणि जे ऐकणार नाहीत, त्यांच्या मेडिकेअरच्या देयकातून २०१५ पासून कपात. आधी बक्षीस आणि मग छडी, असा तो प्रकार होता. आम्हा शिक्षकांना ही पद्धत चांगली ठाऊक आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. नुसते यंत्र विकत आणून त्यावर कापड झाकून ठेवले, तर पैसे मिळत नसत. 'अर्थपूर्ण वापर' करून दाखवावा लागे. २०११ पासून लागू झालेल्या पहिल्या टप्प्यातील एक अट वाचताना माझा हात थांबला. डॉक्टरने ऐंशी टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या नोंदीत, त्यांना कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे किंवा कोणतीही नाही, हे लिहिलेले असलेच पाहिजे, अशी ती अट होती. अब्बांची ती लाल ओळ तेथे सरकारी अट झाली होती.

पैशाने काम केले. २०१५ सालापर्यंत प्राथमिक व्यवस्था असलेल्या इस्पितळांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून सुमारे ८४ टक्क्यांवर गेले. सरकारी तिजोरीतून एकंदर ३५ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम खर्च झाली. सात वर्षांत एवढा बदल म्हणजे सामान्य गोष्ट नव्हे.

पण मित्रहो, माझी खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते.

डॉक्टरच्या संगणकात नोंद आली म्हणजे ती रुग्णाच्या हाती आली असे होत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०१४ च्या सुमारास, सरकारने रुग्णासाठी एक खिडकी उघडायला लावली. तिला 'पेशंट पोर्टल' म्हणतात. रुग्णाने आपले नाव आणि परवलीचा शब्द देऊन घरबसल्या आपले रिपोर्ट, औषधांची यादी, भेटीची तारीख पाहावी, अशी ती सोय. सरकारने अट घातली, की डॉक्टरच्या रुग्णांपैकी पाच टक्क्यांहून अधिक जणांनी ही खिडकी प्रत्यक्ष उघडली पाहिजे. लक्षात घ्या, शंभरातले फक्त पाच!

आणि हे पाचही जमेनात. डॉक्टर म्हणू लागले, "आम्ही खिडकी बसवली, ती उघडायची की नाही हे रुग्णाच्या हातात आहे. त्याची शिक्षा आम्हाला का?" त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होते. शेवटी ऑक्टोबर २०१५ मध्ये सरकारने २०१५ आणि २०१६ या वर्षांपुरती अट सैल केली. किती सैल? प्रत्येक डॉक्टरमागे निदान एका रुग्णाने खिडकी उघडावी, एवढी! अब्जावधी डॉलर मोजणारे सरकार एका रुग्णापाशी येऊन थांबले.

अमेरिकेच्या सरकारी लेखापाल कार्यालयाने मार्च २०१७ मध्ये याचा हिशेब मांडला. या योजनेतल्या ८८ टक्के इस्पितळांनी २०१५ साली रुग्णांना अशी सोय दिली होती, पण त्यांच्या रुग्णांपैकी ती वापरणारे होते १५ टक्के. डॉक्टरांच्या दवाखान्यांत हे प्रमाण जरा बरे, म्हणजे ३० टक्के होते. पैसा यंत्र आणू शकतो, खिडकीही बसवू शकतो. पण खिडकीशी उभे राहून आत पाहण्याची सवय पैसा लावू शकत नाही.

मग ती सवय कशी लागते? तेथील पुढची पाहणी पाहा. २०१४ मध्ये चार जणांतला सुमारे एक जण आपल्या नोंदी अशा रीतीने पाहत होता. २०२२ पर्यंत पाचांपैकी सुमारे तिघे पाहू लागले. मधल्या काळात हातोहाती मोबाईल आले आणि कोविडची साथ येऊन गेली, हे खरेच. पण ज्यांना डॉक्टरने किंवा दवाखान्यातल्या माणसाने स्वतः सांगितले, "तुमचे रिपोर्ट आले आहेत, बघा हं," ते खिडकी अधिक उघडतात, असेही या पाहणीत दिसले. म्हणजे अखेर कुणी तरी माणसाने माणसाला सांगावे लागते. हे आपण शाळेत रोज पाहतो. ग्रंथालयाचे कपाट भरलेले असते. पण "अरे, हे पुस्तक वाच" म्हणणारा कुणी भेटेपर्यंत मुलगा त्याला हात लावत नाही.

या योजनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलत नव्हती. एका इस्पितळाची नोंद दुसऱ्याला दिसत नसे. डॉक्टरांचा पुष्कळ वेळ संगणकात जाऊ लागला. २०१६ सालच्या एका अभ्यासात, रुग्णासमोरच्या एका तासामागे डॉक्टरचे जवळजवळ दोन तास संगणक आणि टेबलावरच्या कामात जातात, असे आढळले. रुग्ण बोलतो आहे आणि डॉक्टर पडद्याकडे पाहतो आहे, हे चित्र तेथे नेहमीचे झाले. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये आणखी एक कायदा झाला. त्याखालच्या नियमांनी एप्रिल २०२१ पासून रुग्णाची संगणकीय माहिती अडवून ठेवण्यास मनाई केली. आता रिपोर्ट तयार होताच रुग्णाला दिसतो. यातही एक टोचणी आहे. गंभीर आजाराचा रिपोर्ट रात्री एकटा बसून वाचायचा आणि समजावून सांगायला जवळ कुणीच नाही, असेही घडते.

कुणी म्हणेल, "सर, ही अमेरिकेची कथा आम्हाला कशाला?" कारण तीच गाडी आता आपल्या दारात आली आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या पंतप्रधानांनी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा केली. आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने ते देशभर लागू झाले. त्यात प्रत्येकाला चौदा अंकी 'आभा' क्रमांक काढता येतो. आपल्याकडेही सरकारने बक्षीस ठेवले. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या योजनेत, दहा किंवा अधिक खाटांच्या इस्पितळाने ठरावीक संख्येपलीकडे ज्या नोंदी आभाशी जोडल्या, त्या प्रत्येक जादा नोंदीमागे २० रुपये देण्याचे ठरले. इस्पितळे, प्रयोगशाळा आणि संगणकप्रणाली पुरवणाऱ्या कंपन्या यांना मिळून नव्हे, तर पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला ४ कोटी रुपयांपर्यंत अशी कमाल मर्यादा होती.

बक्षीस ठेवले ते इस्पितळाला आणि कंपनीला. रुग्णाला काय? रुग्णाच्या वाट्याला त्याची नोंद येते. तीही त्याने मागितली, पाहिली आणि वाचली तर. नाही तर अमेरिकेतल्यासारखीच खिडकी बसेल आणि ती बंदच राहील.

आता पालकांसाठी चार व्यवहारी गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. आभा आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्मान कार्ड पात्र कुटुंबाला उपचाराच्या खर्चासाठी आहे. आभा म्हणजे नोंदी एकत्र पाहण्यासाठीचा नुसता क्रमांक आहे. त्याने कुणाचे बिल भरले जात नाही. तो काढायला पैसे पडत नाहीत आणि तो काढण्याची सक्तीही नाही. नोंदी ज्या त्या इस्पितळाकडेच राहतात आणि तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतात. संमती हा येथला मोठा शब्द आहे. ओटीपी सांगणे म्हणजे सही करणे, हे घरातल्या थोरामोठ्यांना समजावून द्या. दारात आलेल्या किंवा फोन करणाऱ्या परक्या माणसाला तो सांगू नका.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, तरी बोलतो. आपल्या कितीतरी घरांत कर्ता पुरुष आखातात असतो आणि सगळी खाती त्याच्या किंवा मोठ्या मुलाच्या मोबाईलवर असतात. उद्या घरातल्या बाईचा आजार, तिच्या तपासण्या, तिचे रिपोर्ट हे सारे मुलाच्या मोबाईलवर उमटणार असेल, तर ती डॉक्टरला मनातले सांगेल का? ती सांगणारच नाही, आणि दुखणे अंगावर काढील. म्हणून आईच्या, बहिणीच्या, पत्नीच्या नोंदीला तिचाच मोबाईल क्रमांक द्या. तिला वाचता येत नसेल तर तिने निवडलेल्या माणसाने वाचून दाखवावे. निवड तिची असावी.

तिसरी गोष्ट. संगणक येवो न येवो, एक हक्क तुमच्याकडे आधीपासून आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत म्हटले आहे, की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांच्या आत त्या द्याव्यात. भांडण नको, आवाज चढवणे नको. साधा लेखी अर्ज करा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

चौथी गोष्ट विद्यार्थी मित्रांसाठी आहे, आणि तोच तुमचा गृहपाठ समजा. एक शंभर पानी वही घ्या. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक पान. नाव, जन्मतारीख, रक्तगट, जुने आजार, झालेली शस्त्रक्रिया, चालू औषधांची खरी नावे आणि किती वेळा घ्यायची ते. आणि सर्वांत वर, लाल शाईने, न चालणारे औषध. गोळीचा रंग लिहू नका. चिठ्ठीवर किंवा पाकिटावर छापलेले नाव पाहून लिहा. नाव लागत नसेल तर औषधाच्या दुकानदाराला विचारा, तो सांगतो. मग त्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे पाठवा. एका घरात पाणी शिरले तरी दुसऱ्या घरात कागद कोरडा राहील. हीच युक्ती त्या सैनिकांच्या इस्पितळाने मोठ्या प्रमाणावर केली होती.

तुम्ही इंग्रजी वाचता, संगणक हाताळता, परीक्षेत ऐंशी-नव्वद टक्के गुण मिळवता. पण घरातल्या दादीची चिठ्ठी कपाटात तशीच पडून असेल, तर त्या गुणांचा तिला काय उपयोग? आपल्या वाडवडिलांनी कागद जपले, पेटीत कुलूप लावून जपले. त्यांना ते वाचता येत नव्हते, म्हणून तर त्यांनी आपल्याला शाळेत घातले. ते कागद वाचण्याचे काम आपल्याकडे आले आहे.

आमच्या घरी आता अशी वही आहे. अब्बांचे पान पहिले. इस्पितळातून घरी आल्यावर ते त्यांनी स्वतः भरून घेतले. मी लिहीत होतो आणि ते शेजारी बसून पाहत होते. लाल ओळ लिहून झाल्यावर ते म्हणाले, "वाच." मी वाचली. म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली. तिसऱ्यांदा मी वाचण्याआधी त्यांनीच ते औषधाचे नाव म्हणून दाखवले. आता कुठल्याही दवाखान्यात पाऊल टाकले, की डॉक्टरने विचारण्याआधी ते नाव सांगतात.

केसपेपर कोणाचा, हा प्रश्न मी शीर्षकात विचारला आहे. ज्याला तो वाचता येतो, त्याचा. आणि ज्याला येत नाही त्याला घरातल्या कुणी वाचून दाखवला, तर त्याचाही. आज घरी गेल्यावर पेटी उघडा, एवढीच विनंती.